‘पाळी : अनियमित’ – कॅन्सर वाटलेल्या अस्तराचं एक प्रकरण

दुपारी दीडच्या सुमारास एक गृहस्थ लॅबमध्ये आले. हातात मिठाईचा रिकामा खोका. खोक्यात कापसात गुंडाळलेल्या तीन काचेच्या स्लाइड, ऊती बसवलेले दोन मेणाचे ठोकळे आणि घड्या घालून मऊ पडलेले चार कागद, सगळे बहिणीच्या नावाचे. टेबलावर खोका ठेवून ते म्हणाले, “मॅडम, पिशवी काढायची का न्हाई, तेवढं सांगा. परवाची तारीख दिलीया.”

हे प्रकरण मी लिहितेय ते तरुण पॅथॉलॉजिस्टांसाठी, स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी आणि हातात असा रिपोर्ट पडलेल्या घरच्यांसाठीही. ओळख पटू नये म्हणून गावं, वयं आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. वैद्यकीय गोष्ट बदललेली नाही.

त्या ताई ३९ वर्षांच्या. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, आणि धाकट्याच्या जन्मानंतर लगेच, म्हणजे १३ वर्षांपूर्वी, कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली. वर्षभर पाळी मागेपुढे होत होती. या वेळी अंगावरून जायला लागलं ते थांबेचना. कधी नुसते डाग, कधी कपडा भिजेल इतकं. गावातल्या डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवायच्या हार्मोनच्या गोळ्या १० दिवस दिल्या. गोळ्या चालू होत्या तोवर थोडं कमी झालं, नंतर पुन्हा सुरू. तालुक्याच्या ठिकाणी पोटावरून सोनोग्राफी झाली, तिच्यात गर्भाशयाचं अस्तर १४ मिमी जाड दिसलं. मग क्युरेटिंग केलं, म्हणजे अस्तर खरवडून काढलं, आणि निघालेला मांसल भाग तपासायला पाठवला.

पहिला रिपोर्ट पाचव्या दिवशी आला. त्यात लिहिलं होतं की ग्रंथींच्या पेशी मोठ्या, पारदर्शक आणि विचित्र केंद्रकांच्या आहेत, क्लिअर सेल कार्सिनोमाचा, म्हणजे अस्तराच्या एका प्रकारच्या कॅन्सरचा, संशय आहे, खात्रीसाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (पेशींतली ठराविक प्रथिनं रंगवून ओळखण्याची चाचणी) करावी. ती चाचणी मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये झाली. नॅप्सिन-ए पॉझिटिव्ह, एचएनएफ-१ बीटा पॉझिटिव्ह, इस्ट्रोजेन रिसेप्टर निगेटिव्ह, पी-५३ नेहमीसारखं. शेवटी एक ओळ होती: हे निष्कर्ष क्लिअर सेल कार्सिनोमाशी सुसंगत आहेत. आता संशय उरला नव्हता, निदान कागदावर तरी नव्हता. गर्भाशय, अंडाशय आणि लसीकाग्रंथी काढायच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. मधल्या दोन दिवसांत कोणीतरी भावाला सांगितलं, की एकदा स्लाइड दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

हे सांगणारी व्यक्ती कोण होती, मला आजही माहीत नाही. तिचे आभार मानायला हवेत.

मी आधी कागद वाचत नाही, आधी स्लाइड बघते. ही माझी जुनी सवय. कमी भिंगातून बघितल्याबरोबर डोळ्यात भरल्या त्या करवतीच्या दात्यांसारख्या कडांच्या, स्रावाने फुगलेल्या ग्रंथी. मग काही ग्रंथींतल्या पेशी दिसल्या आणि मलाही क्षणभर थांबावं लागलं. केंद्रकं शेजारच्या साध्या पेशींच्या तीन-चार पट मोठी, गडद, शाईचा डाग पडावा तशी पुसट कडांची. पेशीचा बाकीचा भाग फुगलेला, पाणी भरल्यासारखा स्वच्छ. कित्येक पेशी ग्रंथीच्या पोकळीत डोकं काढून बसलेल्या, चपलेच्या तळाला ठोकलेल्या खिळ्याचं टोपण वर दिसावं तशा. पॅथॉलॉजीत याला हॉबनेल म्हणतात, आणि क्लिअर सेल कार्सिनोमाच्या पाठात हाच शब्द पहिल्या ओळीत येतो. पहिल्या डॉक्टरांना जे दिसलं, ते खरोखरच तिथे होतं.

पण तिथे आणखीही काही होतं. एकाच ग्रंथीचा अर्धा भाग या राक्षसी पेशींनी व्यापलेला आणि उरलेला अर्धा अगदी साधा. कॅन्सरची ग्रंथी अशी अर्धी शहाणी राहत नाही. ग्रंथींची मूळ मांडणी शाबूत होती, एकही ग्रंथी आजूबाजूच्या ऊतीत घुसलेली नव्हती. पेशी मोठ्या होत्या, पण केंद्रकाबरोबर पेशीचा देहही तितकाच वाढलेला होता. कॅन्सरमध्ये बहुधा केंद्रकच पेशीची जागा खाऊन टाकतं. मग मी पेशीविभाजन शोधायला लागले. तिन्ही स्लाइड शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पाहिल्या. विभाजन होत असलेली एकही पेशी मिळाली नाही. इतकी भयंकर दिसणारी पेशी वाढत मात्र नाही, हे कॅन्सरच्या स्वभावाला धरून नव्हतं.

ग्रंथींच्या मधली ऊती, स्ट्रोमा, पाहिली तेव्हा छातीत धस्स झालं. पेशी मोठ्या, बहुकोनी, फिक्या गुलाबी, फरशा बसवाव्यात तशा एकमेकींना लागून. डेसिड्युआ. गर्भ रुजवून घेण्यासाठी अस्तर जी तयारी करतं, ती ही.

आता कागद काढले. फॉर्मवर वय होतं, ‘अतिरिक्त रक्तस्राव’ होता, ‘ट्युबेक्टॉमी झालेली’ (म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया) होतं. शेवटच्या पाळीच्या तारखेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘अनियमित’. गोळ्यांचा उल्लेख फॉर्मवर नव्हता, तो मला भावाने आणलेल्या चिठ्ठीत सापडला. गरोदरपणाची चाचणी केल्याची नोंद एकाही कागदावर नव्हती.

गोळ्यांमुळे कोडं थोडं अवघड झालं. अशा हार्मोनच्या, म्हणजे प्रोजेस्टिनच्या, गोळ्यांनीही स्ट्रोमात डेसिड्युआसारखे बदल होतात, आणि क्वचित ग्रंथींतही अशा पेशी दिसतात. म्हणजे गर्भाशिवायही हे चित्र अशक्य नव्हतं. पण १० दिवसांच्या साध्या डोसने इतका ठळक, सर्वदूर डेसिड्युआ आणि त्याच्या जोडीला इतक्या विचित्र ग्रंथी? मला पटेना. शिवाय काही केंद्रकं काचेसारखी पारदर्शक दिसत होती, तीही गर्भारपणाच्या अस्तरात दिसतात आणि नवख्याला हर्पिसच्या विषाणूची आठवण करून देतात.

मी भावाला विचारलं, “ताईंची लघवीची तपासणी केली होती का? दिवस राहिलेत का बघायची?”

ते गोंधळले, मग थोडे रागावलेही. “मॅडम, तिचं ऑपरेशन झालंय की. पोरगी अकरावीला हाय तिची.”

क्युरेटिंग करणाऱ्या डॉक्टरांना मी फोन लावला. त्या ओपीडीत होत्या. मी एवढंच विचारलं, “यूपीटी, लघवीतून गरोदरपणाची चाचणी, केली होती का?” पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, “ट्युबेक्टॉमी होती, म्हणून नाही केली. आत्ता बोलावते.” सबब सांगितली नाही, उलटा प्रश्न विचारला नाही. पाऊण तासात त्यांचा फोन आला: दोन रेषा.

चाचणीची पट्टी पाच मिनिटांत बोलते आणि एका जेवणाच्या ताटापेक्षा स्वस्त मिळते. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीला सहा दिवस लागले होते आणि घरात होते नव्हते ते पैसे गेले होते. हा हिशोब मला त्या दिवसापासून विसरता आलेला नाही.

क्युरेटिंग होऊन १३ दिवस झाले होते आणि चाचणी अजून पॉझिटिव्ह होती. एवढ्याने निदान होत नाही. गर्भपात झाल्यावरही रक्तातलं बीटा एचसीजी, म्हणजे गर्भारपणाचं हार्मोन, शून्यावर यायला काही आठवडे लागू शकतात. पण माझ्या समोरच्या स्लाइडमध्ये गर्भाचा अंशही नव्हता. गर्भ पिशवीत रुजलेला असता तर क्युरेटिंगमध्ये कोरिऑनिक व्हिलाय, म्हणजे वारेची कोवळी बोटं, बहुधा मिळाली असती. निदान वार जिथे रुजते तिथल्या ट्रोफोब्लास्ट पेशी आणि फायब्रिनचा पट्टा तरी दिसला असता. मी ठोकळ्यांतून आणखी खोल काप काढायला सांगितले. पहिल्या लॅबला फोन करून विचारलं, बरणीत काही उरलंय का. थोडं उरलं होतं. तेही संध्याकाळच्या एसटीने मागवलं आणि दुसऱ्या दिवशी सगळंच्या सगळं बघितलं. व्हिलाय कुठेच नव्हते.

पण त्या उरलेल्या ऊतीची वाट बघायची नव्हती. डेसिड्युआ आहे, गर्भाचा पुरावा पिशवीत नाही, चाचणी पॉझिटिव्ह आहे. गर्भ दुसरीकडे कुठेतरी, गर्भाशयाबाहेर, म्हणजे एक्टोपिक असू शकतो, आणि हे वाक्य टाइप करत बसायचं नसतं, फोनवर सांगायचं असतं. मी डॉक्टरांना सांगितलं, “कॅन्सर बाजूला ठेवा. आज, आत्ता, खालून सोनोग्राफी करा. एक्टोपिक आहे असं धरून चला.”

त्याच संध्याकाळी योनिमार्गातून सोनोग्राफी झाली. पिशवी रिकामी. उजव्या अंडाशयाच्या शेजारी सुमारे ३ सेंटिमीटरची गाठ, आणि पिशवीच्या मागच्या खळग्यात मोकळं द्रव, म्हणजे बहुधा रक्त. बीटा एचसीजी १,८४०. हिमोग्लोबिन ९.४. रात्रीच दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. उजवी गर्भनलिका मधल्या भागात फुगून जांभळी पडली होती, टोकातून रक्त झिरपत होतं, पोटात सुमारे २०० मिली रक्त साठलं होतं. अजून फुटलेली नव्हती. दोन्ही नलिका काढल्या. गर्भाशय आणि अंडाशय जागेवर राहिले.

नलिका माझ्याकडेच आली. तिच्या पोकळीत रक्ताच्या गुठळ्यांत व्हिलाय स्पष्ट दिसत होते. नलिकेच्या आतल्या थरातही काही ठिकाणी तेच मोठ्या केंद्रकांचं, खिळ्याच्या डोक्यांसारखं चित्र होतं. हा बदल फक्त गर्भाशयाच्या अस्तरातच होतो असं नाही. गर्भाशयमुखाच्या ग्रंथींत, नलिकेत, गर्भाशयाबाहेर रुजलेल्या अस्तराच्या (एंडोमेट्रिऑसिसच्या) बेटांतही तो होऊ शकतो. कित्येकदा गरोदर बाईच्या गर्भाशयमुखाच्या छोट्या तुकड्यात तो अचानक समोर येतो आणि तिथेही पहिल्यांदा कॅन्सरच आठवतो.

या बदलाला आरियास-स्तेला रिॲक्शन म्हणतात. पेरूच्या हावियर आरियास-स्तेला यांनी १९५४ मध्ये त्याचं वर्णन छापलं, तेव्हा ते तिशीतही नव्हते. गर्भाची ऊती शरीरात असताना अस्तराच्या ग्रंथींत जे विचित्र बदल होतात, ते कॅन्सर नव्हेत, हे त्यांनी नीट मांडलं. त्याआधी अशा किती बायकांना कॅन्सरचं नाव चिकटलं असेल, याचा विचार मी वर्गात शिकताना केला नव्हता, या प्रकरणानंतर मात्र तो मनातून जात नाही. पुढे हेच आरियास-स्तेला अँडीजच्या उंच डोंगरांत राहणाऱ्या लोकांच्या हृदयाचा आणि मानेतल्या कॅरोटिड बॉडीचा अभ्यास करत राहिले, देशाचे आरोग्यमंत्री आणि नंतर परराष्ट्रमंत्री झाले. २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले. इतक्या मोठ्या आयुष्यातलं त्यांचं तरुणपणीचं एक निरीक्षण आमच्या जिल्ह्यातल्या एका शेतकरी बाईच्या कामी आलं.

असं होतं तरी का? गर्भातून निघणारं एचसीजी अंडाशयाला प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन बनवायला लावतं, आणि या हार्मोनांच्या भरतीत अस्तराच्या काही ग्रंथी अतिरेकी प्रतिसाद देतात. पेशी आपला डीएनए दुप्पट, चौपट करते, पण दोन पेशींत वाटून घेत नाही. म्हणून केंद्रक अवाढव्य आणि गडद होतं, आणि विभाजनं जवळजवळ दिसतच नाहीत. क्वचित एखादं दिसलं तरी विचित्र आकाराचं दिसू नये, दिसलं तर जरा थांबावं. आणि हा बदल गर्भ कुठे आहे ते सांगत नाही. पूर्वी काही जण तो दिसला की एक्टोपिक समजायचे, ते चूक आहे. पिशवीतल्या चांगल्या गर्भारपणात, गर्भपातात, द्राक्षगर्भात, सगळीकडे तो दिसतो. बाळंतपणानंतरही काही आठवडे रेंगाळतो. तो एवढंच सांगतो की गर्भाची ऊती शरीरात कुठेतरी आहे किंवा नुकतीच होती. कुठे, हे बाकीच्या तपासण्यांनी शोधायचं.

आता त्या इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीबद्दल. नॅप्सिन-ए आणि एचएनएफ-१ बीटा हे क्लिअर सेल कार्सिनोमाचे मार्कर म्हणून आम्ही वापरतो. पण हे दोन्ही आरियास-स्तेला पेशींतही पॉझिटिव्ह येतात. इस्ट्रोजेन रिसेप्टर दोन्हींत निगेटिव्ह किंवा फिका असतो. म्हणजे तीन रंग केले आणि तिन्ही दोन्हीकडे सारखेच. पी-५३ नेहमीसारखं आलं, ते कॅन्सरच्या विरोधात थोडं झुकतं, पण क्लिअर सेलमध्येही ते बऱ्याचदा नेहमीसारखंच असतं. जो एक रंग खरा उपयोगी पडला असता, तो केआय-६७, पेशी किती वाढताहेत ते दाखवणारा, पॅनेलमध्ये नव्हताच. आम्ही तो केला. विचित्र पेशींत २ टक्क्यांच्याही आत. मार्कर खोटं बोलले नव्हते. त्यांना प्रश्नच चुकीचा विचारला होता. ‘हा क्लिअर सेल आहे का?’ असं विचारलं, तर त्यांनी हो म्हटलं. ‘हा क्लिअर सेल की गर्भारपण?’ असं कोणी विचारलंच नाही, कारण गर्भारपणाची शक्यता फॉर्मवर लिहिलेल्या ‘ट्युबेक्टॉमी’ या एका शब्दाने खोडून टाकली होती.

तो शब्द इतका भरवशाचा नाही. अमेरिकेत नसबंदी झालेल्या १०,६८५ बायकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा क्रेस्ट नावाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष १९९६ आणि १९९७ मध्ये आले. १० वर्षांत दर हजारी साधारण १८ बायकांना नसबंदीनंतर दिवस राहिले. राहिलेल्या एकूण १४३ गर्भारपणांतली ४७ गर्भाशयाबाहेरची होती, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा. आणि ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ती ही, की चौथ्या ते दहाव्या वर्षातला एक्टोपिकचा वार्षिक दर पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी नव्हता. लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्यांना धोका जास्त. आपल्याकडे नसबंदीच्या पद्धती थोड्या वेगळ्या आहेत, आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण आपल्याकडे पंचविशीच्या आसपास ऑपरेशन करून घेतलेल्या बायका गावागावांत आहेत. या ताईही तेव्हा २६ वर्षांच्या होत्या. कापलेली नलिका पुन्हा जोडली जाते, किंवा तिच्यात बारीकशी वाट तयार होते. शुक्राणू त्यातून जातो, फलित अंडं मात्र तिथेच अडकतं. नसबंदी झालेल्या बाईला दिवस राहणं दुर्मिळ, पण राहिले तर ते नलिकेत असण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ट्युबेक्टॉमी झालेल्या बाईच्या रक्तस्रावात गरोदरपणाची चाचणी टाळायची नसते. उलट तीच आधी करायची असते.

आठ दिवसांनी ताई स्वतः टाके काढायला आल्या तेव्हा माझ्याकडेही आल्या. भाऊ बाहेर बसले होते. मी त्यांना एकटीलाच विचारलं, या सगळ्याआधी नेहमीसारखी, पूर्ण चार दिवसांची पाळी कधी आली होती. त्या बराच वेळ बोटं मोजत बसल्या. मग म्हणाल्या, “नागपंचमीच्या आधी. त्यानंतर दीड महिना काहीच न्हाई. मग हे डाग सुरू झाले, त्यालाच पाळी म्हणलं मी.” मळमळ होत होती, ती पित्ताची समजून सोडा घेतला. छातीत भरून आल्यासारखं वाटायचं, ते कोणाला सांगायची लाज वाटली. “पोरगी एवढी मोठी झाली, आता कुणाला सांगणार असलं काय?”

मग माझ्या लक्षात आलं, की फॉर्मवरचा तो रकाना कोणी तारीख टाकून भरला असता, तरी ती तारीख चुकीचीच असती. रक्त दिसलं की त्याला पाळी म्हणायचं, ही साधी गोष्ट. एक्टोपिकमध्ये सुरुवातीचा रक्तस्राव बायका पाळी म्हणूनच मोजतात, आणि डॉक्टरही तीच तारीख लिहून घेतात. त्यामुळे रकान्यात तारीख नसणं हा एवढाच दोष नव्हता. प्रश्न कसा विचारला, कोणासमोर विचारला, हे त्याहून मोठं होतं. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या बाईला भावासमोर, सासूसमोर ‘दिवस राहिलेत का’ असं विचारलं तर ती नाहीच म्हणणार.

माझ्या लॅबच्या फॉर्मवर आता दोन ओळी वेगळ्या आहेत. ‘शेवटची पाळी’ऐवजी ‘नेहमीसारखी शेवटची पाळी कधी’, आणि खाली ‘यूपीटी केली का, कधी, निकाल’. ही ओळ कोरी असेल तर ५० वर्षांखालच्या बाईच्या अस्तराचा रिपोर्ट मी फोन केल्याशिवाय सोडत नाही. यात माझा वेळ जातो. काही डॉक्टरांना ते आवडत नाही. चालेल.

आणखी एक गोष्ट मला लिहायलाच हवी. आपल्याकडे पिशवी काढून टाकणं फार लवकर ठरतं. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि त्यासाठी समिती नेमली गेली. तिथल्या बायकांची कारणं वेगळी होती, हे प्रकरण वेगळं आहे. पण ‘मुलं झाली, आता पिशवीचं काय काम’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू येतं. या ताईंच्या बाबतीत कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली असती तर नलिकाही त्यातच निघाली असती, असं एका सहकाऱ्याने मला म्हटलं, म्हणजे एक्टोपिकही आपोआप गेलं असतं. नसतं गेलं. शस्त्रक्रिया परवा होती आणि नलिका त्या रात्री रक्त गाळत होती. तालुक्यापासून जिल्ह्याचं अंतर ६० किलोमीटर आहे. आणि समजा वेळेत झालीही असती, तरी ३९ व्या वर्षी दोन्ही अंडाशय गेले असते आणि ‘कॅन्सर पेशंट’ हे नाव आयुष्यभर पाठीशी लागलं असतं. मुलीची अकरावीची ॲडमिशन त्यांनी थांबवून ठेवली होती, उपचारांचा खर्च किती येईल ते कळेपर्यंत.

माझ्या अंतिम रिपोर्टमध्ये मी लिहिलं: अस्तरात गर्भारपणाचे बदल, डेसिड्युआ आणि आरियास-स्तेला रिॲक्शन. सर्व ऊती तपासली, व्हिलाय आढळले नाहीत. कर्करोगाचा पुरावा नाही. गर्भाशयाबाहेरील गर्भाची शक्यता दूरध्वनीवरून कळवली, तारीख आणि वेळ अमुक. ही शेवटची ओळ मी मुद्दाम लिहिते.

बीटा एचसीजी चौथ्या आठवड्यात ५ च्या खाली आलं. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पिपेल नावाच्या बारीक नळीने अस्तराचा छोटा नमुना घेतला. पॅथॉलॉजीच्या दृष्टीने त्याची सक्ती नव्हती, पण ज्या घरात कॅन्सर हा शब्द कित्येक दिवस राहून गेला, तिथे तो कागदावरून पुसलेला दाखवावा लागतो. नमुन्यात पाळीच्या पहिल्या टप्प्यातलं साधं, निरोगी अस्तर होतं. मी त्या स्लाइडचा फोटो काढून भावाला दाखवला. त्यांना त्यातलं काही कळलं नसणार, तरी त्यांनी तो बराच वेळ बघितला. नसबंदी अपयशी ठरल्यावर भरपाई देणारी सरकारी योजना आहे, तिच्यासाठी लागणारे कागद डॉक्टरांनी भरून दिले. १३ वर्षांपूर्वीचं ऑपरेशनचं प्रमाणपत्र ताईंच्या ट्रंकेत, धाकट्याच्या जन्मदाखल्यासोबत नीट ठेवलेलं सापडलं.

पहिल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना मी त्याच आठवड्यात फोन केला होता. मला त्यांच्याशी तक्रारीच्या सुरात बोलायचं नव्हतं. ‘३९, रक्तस्राव, ट्युबेक्टॉमी’ एवढीच माहिती हातात असती, तर मी काय लिहिलं असतं, हे मी स्वतःला विचारून बघितलं होतं, आणि उत्तर सुखाचं नव्हतं. एमडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना अशीच एक स्लाइड मी ‘ॲडिनोकार्सिनोमा’ म्हणून सरांपुढे ठेवली होती. सरांनी भिंगातून न बघताच विचारलं होतं, “बाई गरोदर आहे का?” मला माहीत नव्हतं. त्यांनी स्लाइड परत माझ्या हातात दिली आणि वॉर्डात पाठवलं. बाई गरोदर होती.

त्या डॉक्टर सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, “गेल्या वर्षी मी एक क्लिअर सेल दिलाय. आता झोप लागणार नाही मला. ती स्लाइड बघाल का?”

दुसऱ्या दिवशी ती आली. बाई ६३ वर्षांच्या, पाळी जाऊन १२ वर्षं झालेली. पारदर्शक पेशी, खिळ्याची डोकी, सगळं होतं. पण इथे ग्रंथी एकमेकींत घुसल्या होत्या, मधल्या दांड्यांत काचेसारखा गुलाबी पदार्थ साठला होता, स्ट्रोमात डेसिड्युआचा मागमूस नव्हता आणि पेशीविभाजनं शोधावी लागत नव्हती. मी त्यांना संध्याकाळी फोन करून सांगितलं, की तुमचं निदान बरोबर होतं.